तपकिरी बटू आणि धुळीची चकती

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील घोटावडे हे गाव सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे, आणि तेथील माणसाला आयुष्यभरात कोणते तारे दिसतील व कोणते कधीच दिसणार नाहीत हे या एका आकड्यावरून ठरते. डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास मृग नक्षत्राच्या पायाशी असलेला शशक तारकासमूह येथून दक्षिणेच्या बाजूला जवळजवळ पन्नास अंशांच्या उंचीवर येतो. दक्षिण खगोलीय ध्रुवाजवळचा कमेलिअन, म्हणजे सरडा, हा तारकासमूह मात्र घोटावड्याच्या क्षितिजावर वर्षातल्या कोणत्याही रात्री उगवत नाही. तारा आणि ग्रह यांच्या मधल्या ज्या पिंडांना खगोलशास्त्रात ‘तपकिरी बटू’ म्हणतात, त्यांच्या इतिहासाची दोन महत्त्वाची प्रकरणे या दोन तारकासमूहांत घडली. पहिल्यात असा पिंड खरोखर अस्तित्वात आहे हे निर्विवाद ठरले, आणि त्या कामाच्या अग्रभागी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले शास्त्रज्ञ होते. दुसऱ्यात ग्रहाच्या वजनाच्या एका एकाकी पिंडाभोवती धुळीची चकती सापडली, आणि तारा कोणाला म्हणावे व ग्रह कोणाला, या जुन्या प्रश्नाला नवे वळण मिळाले.

या प्रश्नाची सैद्धांतिक बाजू १९६० च्या दशकातली आहे. तारा जन्मतो तो थंड वायू आणि धूळ यांच्या प्रचंड मेघाचा एखादा भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचित होऊ लागला म्हणजे. आकुंचनाबरोबर त्याच्या गाभ्याचे तापमान वाढत जाते आणि ते काही लाख अंशांवरून कोटीच्या घरात जाऊ लागले की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन होऊन हेलियम तयार होते. या मीलनातून सुटणारी ऊर्जा आकुंचन थोपवून धरते आणि तारा अब्जावधी वर्षे स्थिर तेजाने प्रकाशतो. परंतु मूळ वस्तुमानच तुटपुंजे असेल तर गाभा तितका तापण्यापूर्वीच इतका दाट होतो की इलेक्ट्रॉन एकमेकांना आणखी जवळ येऊ देत नाहीत, आणि पुंजयामिकीच्या नियमांतून उद्भवणारा हा दाब तापमानावर अवलंबून नसल्यामुळे पिंड थंड होत गेला तरी आकुंचन तेथेच थांबते. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या गणितात ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे सात ते नऊ टक्के, म्हणजे गुरू ग्रहाच्या सुमारे ७० ते ९० पट, येथे असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जपानमध्ये चुशिरो हायाशी आणि ताकेनोरी नाकानो हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले. कुमार यांनी अशा पिंडांना ‘काळे बटू’ म्हटले होते. आज रूढ असलेले नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये सुचवले आणि तेच टिकले.

अशा पिंडाला स्वतःचे इंधन जवळजवळ नसते. गुरूच्या तेरापट वस्तुमानाच्या वर ड्यूटेरियम, म्हणजे केंद्रात एक न्यूट्रॉन अधिक असलेला जड हायड्रोजन, थोडा काळ जळतो. पण निसर्गात त्याचा साठा अत्यल्प असल्याने ही ऊर्जा लवकर संपते, आणि त्यानंतर आकुंचनाच्या काळात साठलेली उष्णता बाहेर टाकत हा पिंड राखेखालच्या निखाऱ्यासारखा निवत जातो. जे तेज असते तेही बहुतांशी अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. अवरक्त किरण म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा पण उष्णतेच्या रूपाने जाणवणारा प्रकाश. म्हणूनच कुमार यांच्या गणितानंतर तब्बल तीन दशके हे पिंड कागदावरच राहिले, कारण त्यांना टिपण्यासाठी लागणारे संवेदनशील अवरक्त शोधक १९८० च्या दशकाअखेरीपर्यंत पुरेसे विकसित झाले नव्हते.

या तीन दशकांत चाहुली अनेक लागल्या आणि बहुतेक हवेत विरल्या. व्हॅन बीसब्रुक ८ या मंद ताऱ्याला एक थंड सोबती असल्याचे १९८५ मध्ये जाहीर झाले, त्याच वर्षी तपकिरी बटूंवर खास परिषदही भरली, आणि नंतरच्या निरीक्षणांत तो सोबती कोणालाच पुन्हा दिसला नाही. एरिक बेकलिन आणि बेन झुकरमन यांनी १९८८ मध्ये एका श्वेत बटूजवळ शोधलेला जीडी १६५ बी हा पिंड खरा होता, परंतु तो अगदी लहान तारा आहे की तपकिरी बटू, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. अडचणीचे मूळ असे की तरुण तपकिरी बटू आणि म्हातारा लहान तारा यांचे तापमान व तेज एकसारखे असू शकते. वस्तुमान थेट मोजता येत नाही आणि वयही निश्चित कळत नाही, तेव्हा निवाडा कशाच्या आधारे करायचा, हा पेच होता. संशयाला जागाच राहणार नाही इतका थंड पिंड सापडावा, एवढाच मार्ग उरला होता.

तो सापडवणाऱ्या गटाचे एक प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठावरचे, नृसिंहवाडीच्या शेजारचे हे गाव पूर्वी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथील घराघरांत सहज नांदतात. कुलकर्णी यांचे बालपण व शालेय शिक्षण पुढे हुबळीत झाले. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. दिल्लीच्या आयआयटीत शिक्षण घेतल्यावर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत संशोधनासाठी गेले, आणि तेथे विद्यार्थी असतानाच १९८२ मध्ये डॉन बेकर यांच्या गटाबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा पल्सार शोधण्यात भाग घेतला. पल्सार म्हणजे महाताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, नियमित रेडिओ स्पंदने पाठवणारा अतिदाट गाभा. पुढे कॅलटेकमध्ये त्यांचे काम अत्यंत तेजस्वी आणि क्षणभंगुर घटनांकडे, विशेषतः गॅमा किरणांच्या स्फोटांकडे, वळले. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला तो मुख्यतः या कामासाठी. अत्यंत मंद आणि स्तब्ध अशा तपकिरी बटूचा शोध त्यांच्या कारकिर्दीत थोडा वेगळा वाटतो, पण उपकरणावर विश्वास ठेवून जेथे इतरांना काही दिसले नाही तेथे पुन्हा पाहायचे, ही त्यांच्या सर्व कामामागची वृत्ती येथेही दिसते, आणि म्हणूनच हे प्रकरण जरा तपशिलाने सांगण्याजोगे आहे.

तेजस्वी ताऱ्याच्या लगतचा मंद सोबती पाहायचा तर दोन अडथळे असतात. पृथ्वीच्या वातावरणातील हालचालींमुळे ताऱ्याची प्रतिमा सतत थरथरते आणि पसरते, आणि त्या पसरलेल्या उजेडात शेजारचा पिंड बुडून जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तयार झालेल्या उपकरणात या दोन्हींवर उपाय होता: प्रतिमेची थरथर ओळखून तिला तत्क्षणी स्थिर करणारा हलता आरसा, आणि मुख्य ताऱ्याचा प्रकाश अडवणारी छोटी झाकणी. हे उपकरण कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या ६० इंची, म्हणजे दीड मीटर व्यासाच्या, दुर्बिणीवर बसवून ताडाशी नाकाजिमा, कुलकर्णी, तेव्हाच्या विद्यार्थिनी रिबेका ओपेनहायमर, आणि जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड गोलिमोव्स्की, सॅम्युएल ड्युरन्स प्रभृतींनी जवळच्या ताऱ्यांची पद्धतशीर पाहणी चालवली. ऑक्टोबर १९९४ मध्ये शशक तारकासमूहातील ग्लीझ २२९ या लाल बटूजवळ, त्यापासून पावणेआठ विकलांवर, त्यांना एक हजारो पटींनी मंद ठिपका दिसला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

ठिपका दिसणे आणि सोबती सापडणे यांत मोठे अंतर आहे, कारण दूरचा एखादा असंबद्ध तारा योगायोगाने त्याच दिशेला असू शकतो. ग्लीझ २२९ पृथ्वीपासून अवघ्या १९ प्रकाशवर्षांवर असल्याने आकाशात दरवर्षी सुमारे पाऊण विकला सरकतो. ठिपका खरोखर त्याचा सोबती असेल तर तोही तेवढाच सरकायला हवा. हे तपासायला वर्षभर थांबणे भागच होते, आणि ज्या विषयात घाईने केलेल्या घोषणा मागे घ्याव्या लागल्या होत्या, त्यात हा गट थांबला. १९९५ च्या शरदात ठिपका ताऱ्याबरोबर सरकल्याचे दिसले. पालोमारच्याच २०० इंची दुर्बिणीतून त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे तरंगलांबीनुसार केलेले पृथक्करण, घेतल्यावर त्यात मिथेन वायूच्या ठळक खुणा आढळल्या. मिथेनचा रेणू ताऱ्याच्या पृष्ठभागावरील उष्णतेत टिकत नाही. तो गुरूसारख्या ग्रहांच्या वर्णपटात दिसतो. ग्लीझ २२९ बी चे तापमान सातशे अंश सेल्सियसच्या आसपास ठरले आणि कोणत्याही ताऱ्याला इतके थंड होणे शक्य नसल्याने वाद तेथेच मिटला. ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतील फ्लोरेन्सच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. त्याच सभागृहात मिशेल मायोर यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह जाहीर केला, हा योग खगोलशास्त्राच्या इतिहासात विरळा आहे. नोव्हेंबरअखेर ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांत शोधनिबंध आले. त्याच वर्षी स्पेनच्या राफाएल रेबोलो यांच्या गटाने कृत्तिका तारकागुच्छात टेइडे १ हा तरुण तपकिरी बटू शोधला होता, त्यामुळे अग्रमानाचा प्रश्न दोघांमध्ये वाटून घ्यावा लागतो. तरी मिथेनच्या पुराव्याने ज्याच्याबद्दल शंकाच उरली नाही असा पहिला पिंड शशकातलाच होय.

ग्लीझ २२९ बी मात्र कधीकाळी जन्मून आता निवलेला पिंड आहे. तो कसा जन्मला, मेघातून ताऱ्यासारखा की एखाद्या ताऱ्याभोवतीच्या चकतीतून ग्रहासारखा, याचा पुरावा त्याच्यापाशी उरलेला नाही. तारा जन्मताना मेघातील द्रव्याला थोडीशी का होईना फिरकी असते, म्हणून सारे द्रव्य सरळ मध्यभागी न पडता त्याची सपाट चकती होते. या चकतीतून द्रव्य आत ताऱ्यावर उतरते आणि उरलेल्या धुळीतून ग्रह घडतात. चकतीचे आयुष्य अवघे काही दशलक्ष वर्षांचे असते. म्हणून जन्मकथा शोधायची तर खगोलाच्या सूतिकागृहांत, ताज्या मेघांत, जावे लागते. २००१ मध्ये बो राइपुर्थ आणि कॅथी क्लार्क यांनी असा विचार मांडला होता की तपकिरी बटू हे ताऱ्यांचे अर्धवट वाढलेले भ्रूण असावेत, जे भावंडांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत मेघाबाहेर भिरकावले गेले आणि त्यामुळे त्यांची वाढ खुंटली. तसे असेल तर त्यांच्याभोवतीच्या चकत्या छाटल्या गेलेल्या व अल्पायुषी असायला हव्या होत्या. चकत्यांचा शोध हा या कल्पनेची कसोटी होता.

धूळ ओळखण्याची रीत साधी आहे. पिंडाचे तापमान कळले म्हणजे त्याने कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश द्यावा याचा हिशेब करता येतो. भोवती धूळ असेल तर ती पिंडाच्या उजेडाने तापून आणखी लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देते, आणि प्रत्यक्ष मोजमाप हिशेबापेक्षा जास्त भरते. या जास्तीच्या प्रकाशाला अवरक्त आधिक्य म्हणतात. मृगातील तेजोमेघाच्या तरुण तारकागुच्छात ऑगस्ट मुएंच आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तपकिरी बटूंपैकी निम्म्याहून अधिकांपाशी असे आधिक्य असल्याचे दाखवले. परंतु जमिनीवरील दुर्बिणींना येथे मर्यादा पडते, कारण पृथ्वीचे वातावरण आणि दुर्बीण स्वतः उबदार असल्याने याच तरंगलांबीला प्रकाशतात. ऑगस्ट २००३ मध्ये अवकाशात सोडलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचा आरसा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा होता, पण ती द्रव हेलियमने थंड ठेवलेली होती आणि वातावरणाच्या वर होती, त्यामुळे हा अडसर दूर झाला.

घोटावड्याला न दिसणारा सरडा येथे या इतिहासात येतो. त्याच्या पहिल्या मेघात काही शे तरुण तारे आहेत. मेघ पृथ्वीपासून पाचशे ते सहाशे प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यातील पिंडांचे वय केवळ दोन-तीन दशलक्ष वर्षे. जपानी संशोधक युमिको ओआसा, मोतोहिदे तामुरा आणि कोजी सुगितानी यांच्या पाहणीतून पुढे आलेल्या ओटीएस ४४ या पिंडाभोवती चकती असल्याचे केव्हिन लुमन यांच्या गटाने २००५ च्या आरंभी स्पिट्झरच्या मोजमापांतून दाखवले. त्याचे वस्तुमान तेव्हाच्या अंदाजाने गुरूच्या सुमारे पंधरापट होते. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर लुमन यांनीच त्याहून थक्क करणारा शोध जाहीर केला. चिली येथील दुर्बिणी, हबल आणि स्पिट्झर या सर्वांच्या निरीक्षणांतून सीएचए ११०९१३-७७३४४४ हा पिंड समोर आला, ज्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे आठपट ठरत होते. सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्यांभोवती फिरणारे कितीतरी ग्रह याहून जड आहेत. परंतु हा पिंड कोणाभोवतीही फिरत नव्हता, आणि उलट त्याच्याच भोवती धुळीची चकती होती, ज्यातून पुढे ग्रह किंवा चंद्र घडण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

या एका निरीक्षणाने वर्गीकरणाची घडी विस्कटली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या कार्यगटाने २००३ मध्ये ड्यूटेरियम जळण्याची तेरा गुरूंची मर्यादा तपकिरी बटूंची खालची सीमा म्हणून वापरावी असे सुचवले होते. त्या मापाने हा पिंड तपकिरी बटू ठरत नाही, आणि तो ताऱ्याभोवती फिरत नसल्याने ग्रहही म्हणता येत नाही. पण जन्माच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्याभोवतीची चकती तो मेघातून थेट, ताऱ्याच्या वाटेने, घडल्याची साक्ष देते. वस्तुमान हे पिंडाचे आजचे मोजमाप आहे, चकती हा त्याच्या जन्माचा दाखला आहे, आणि वर्गीकरणात या दाखल्याला वजन मिळायला हवे, असे मानण्यास चांगली कारणे आहेत. केवळ वजनाच्या तागडीने वंश ठरवण्याची पद्धत सोयीची असली तरी येथे ती अपुरी पडते.

चकत्या आहेत एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल अपाई आणि सहकाऱ्यांनी याच मेघातील सहा तपकिरी बटूंचा वर्णपट अभ्यासून पाचांच्या चकत्यांत धुळीचे कण वाढल्याच्या, स्फटिकरूप झाल्याच्या आणि चकतीच्या मध्यपातळीकडे बसल्याच्या खुणा दाखवल्या; म्हणजे ग्रहनिर्मितीच्या पहिल्या पायऱ्या येथेही चढल्या जात होत्या. चिलीच्या वाळवंटातील आल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दुर्बीणसमूहाने २०१२ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील एका तपकिरी बटूच्या चकतीत मिलिमीटरएवढे मोठे कण आणि कार्बन मोनॉक्साइड वायू नोंदवले, जे इतक्या हलक्या चकतीत अपेक्षित नव्हते. व्हिकी यॉर्गेन्स यांच्या गटाने २०१३ मध्ये ओटीएस ४४ वर चकतीतून अजूनही वायू उतरत असल्याचे दाखवले, आणि त्याचे वस्तुमान खाली आणून सुमारे बारा गुरू इतके ठरवले. भिरकावलेल्या भ्रूणांची कल्पना काही पिंडांच्या बाबतीत खरी असू शकेल, पण या चकत्यांचे सर्वसाधारण रूप साध्या ताऱ्यांच्या चकत्यांची लहान आवृत्ती असावे असेच दिसले.

महाराष्ट्रातील संस्थांचा या विषयाशी आलेला संबंध बहुधा उपकरणांच्या बाजूने आहे, आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही, हे खेदाचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या बलूनांवर एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण अनेक वर्षे उडवून ताऱ्यांच्या जन्ममेघांतील धुळीचे नकाशे तयार केले. त्याच संस्थेने नंतर लडाखच्या हान्ले येथील दुर्बिणीसाठी आणि नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी अवरक्त उपकरणे घडवली. पुण्याच्या आयुका या संस्थेचा धागा तर थेट पालोमारपर्यंत जातो. ग्लीझ २२९ बी जिच्यावर सापडला त्याच ६० इंची दुर्बिणीवर २०११-१२ च्या सुमारास रोबो-एओ हे उपकरण बसवले गेले, जे लेसरच्या साहाय्याने वातावरणाची थरथर मोजून माणसाच्या मदतीविना प्रतिमा सुधारते. ते कॅलटेक आणि आयुका यांनी मिळून घडवले, आणि त्या काळात कॅलटेकच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक कुलकर्णीच होते. घोटावड्याहून पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुका दूर नाही. दुर्दैवाने हिंजवडी आणि पिरंगुटच्या दिव्यांचा उजेड मुळशीच्या पूर्व भागातील आकाश दरवर्षी अधिक फिकट करतो आहे. व्याधाच्या नैर्ऋत्येला असलेला ग्लीझ २२९ हा लाल बटू आठव्या प्रतीचा, म्हणजे लहानशा दुर्बिणीच्या आवाक्यातला आहे, आणि तालुक्याच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर, जेथे रात्र अजून काळी आहे, तो शाळेच्या दुर्बिणीतूनही शोधता येईल. त्याचा सोबती मात्र अशा दुर्बिणीच्या कक्षेबाहेरच राहील.

त्या सोबत्याबद्दलचे कोडेही अलीकडेच सुटले. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मुख्य तारा किती हलतो याच्या अचूक मोजमापांतून २०२० नंतर त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७१ पट निघाले, आणि इतक्या वजनाचा पिंड इतका मंद कसा, हे कोणत्याही प्रतिमानात बसेना. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपेनहायमर यांचा सहभाग असलेल्या गटाने चिलीतील मोठ्या दुर्बिणींच्या साहाय्याने दाखवून दिले की तो एक पिंड नसून सुमारे ३८ आणि ३४ गुरूंच्या वजनाचे दोन तपकिरी बटू आहेत, आणि ते अवघ्या बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतात.

सरड्याच्या मेघातही शोध चालूच आहे. तेथील सीएचए ११०७-७६२६ हा गुरूच्या पाच ते दहापट वस्तुमानाचा एकाकी पिंड लुमन यांच्याच पाहणीतून २००८ मध्ये नोंदला गेला होता, आणि जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या चकतीत हायड्रोकार्बनचे रेणू ओळखले. २०२५ च्या वसंतात शांत असलेला हा पिंड त्या वर्षी उन्हाळ्यात एकाएकी चकतीतील द्रव्य गिळू लागला. विक्तोर आल्मेंद्रोस-आबाद यांच्या गटाने ऑगस्टमध्ये मोजलेला वेग काही महिन्यांपूर्वीच्या आठपट, म्हणजे सेकंदाला सुमारे सहाशे कोटी टन इतका भरला. अशा उद्रेकांची सवय आजवर फक्त तरुण ताऱ्यांना असल्याचे माहीत होते. उद्रेकाच्या काळात चकतीचे रसायनही बदलले, आणि आधी नसलेली पाण्याची वाफ तिच्या वर्णपटात उमटली.